थरथरत्या हातातला कॅमेरा

हसनाबादच्या शिवारात रखमाजीच्या ज्वारीची कणसं भरली होती. बांधावरचा अर्धा वाळलेला लिंब दुसऱ्या दिवशी सकाळी तुटणार होता. नव्या घराच्या चौकटींसाठी बद्रीनाथ सुतार करवत घेऊन येणार होता. पण लिंबाच्या शेंड्याला घारीचं घरटं होतं. त्यात पिल्लं आहेत असं गोजरबाई म्हणे, तर तिचा नवरा रखमाजी म्हणे, रिकामं आहे. वाळल्या फांद्यांवर चढून बघायची कुणाची छाती नव्हती.

"पिल्लू दाखव, मी करवत लावू देणार न्हाई," रखमाजीनं तिला सांगून टाकलं होतं. "पर डोळ्यानं दिसलं पाह्यजे."

म्हणून गोजरबाईनं जुन्या जालन्याहून भालचंद्ररावांना बोलावलं. त्या दोघांच्या लग्नाचे फोटो त्यांनीच काढले होते. हात थरथरायला लागले तसा त्यांनी चार वर्षांपूर्वी स्टुडिओ बंद केला. मुलीनं, उमानं, पुण्याहून पाठवलेला लांबचं टिपणारा नवा कॅमेरा पेटीतच पडून होता. "बाबा, हात हलला तरी आतलं यंत्र सावरून घेतं," ती म्हणाली होती. त्यांना ते काही पटलं नव्हतं.

उन्हं कलली. पाखरं राखायच्या माळ्यावर चढून भालचंद्ररावांनी कॅमेरा माळ्याच्या खांबाला, मेढीला, सुतळीनं करकचून बांधला. स्टँडशिवाय फोटो काढायचा नाही, ही त्यांची जन्माची सवय. आतलं यंत्रही चालूच ठेवलं. दोन आधार म्हणजे दुप्पट पक्कं, असं त्यांना वाटलं. घार सरडा घेऊन घरट्यावर उतरली. त्यांनी बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर सगळं पुसट, फांद्यांचा नुसता धूर. पुन्हा दाबलं, पुन्हा धूर.

"आमच्या लग्नातबी असंच बांधून काढलं होतं का, भाऊ?" खालून गोजरबाईनं विचारलं.

"तवा मी हललो न्हाई, म्हणून फोटो आला," रखमाजी म्हणाला. "चला भालचंद्रराव, चहा घेऊ. उद्या बद्रीनाथ येतोय."

"सोडा ती सुतळी," गोजरबाई म्हणाली. "हातात धरून बघा. धूर तर धूर."

भालचंद्ररावांनी गाठ सोडली. कॅमेरा डोळ्यासमोर धरला. बोटं नेहमीसारखी थरथरत होती, आणि काचेतलं घरटं मात्र थांबलं होतं. त्यांनी श्वास रोखला. भरलेली कळशी डोक्यावर घेऊन चालणारी बाई पावलागणिक मान सावरते, म्हणून पाणी हिंदकळत नाही. तसं आतलं यंत्र त्यांची प्रत्येक थरथर सावरत होतं. मेढीला बांधल्यावर त्याला सावरायला काही उरलंच नव्हतं, म्हणून ते आपणहून डगमगत होतं.

घार पुन्हा आली. त्यांनी लागोपाठ सात फोटो काढले. पाच पुसट आले. दोन असे आले, की काड्यांत अडकलेल्या लाल चिंधीचे धागेसुद्धा मोजता यावेत. घारीच्या पायाशी दोन पिल्लं होती; मळकट पांढरी लव, उघड्या चोची, आणि एकाच्या काळ्या डोळ्यात उजेडाचा ठिपका.

ते खाली आले. त्यांनी कॅमेरा रखमाजीपुढे धरला. रखमाजीनं पटका मागं सारला आणि तो काचेवर वाकला. बोटानं एक, दोन असं मोजलं. मग त्यानं खिशातून मोबाईल काढला.

"बद्रीनाथ, उद्या येऊ नको. पिल्लं हैत. न्हाई, दोन. म्या सोता पाह्यली. आता कधी उडतील ते मला काय ठावं? चौकटी थांबतील."