शिलाई मशीनचा दमा

फुंकरबाबांनी शिंप्याच्या छातीवरून एक बंद रानअंजीर फिरवलं, फुंकर मारली आणि दोन बोटांनी फोडलं. आतून बारीक काळे किडे भुर्रकन उडाले. बसथांब्यामागच्या रानअंजिराच्या झाडाखाली जमलेली गर्दी आ वासून बघत राहिली.

"गेला दमा," बाबा म्हणाले. "छातीत घरटं करून बसला होता. आता औषधाचा पंप ओढशील, तर त्याला परत आवतण दिल्यासारखं होईल."

शिंप्याने पंप कपाटात टाकला. चार दिवसांत त्याला दुकानाच्या पायऱ्या चढतानाही धाप लागू लागली. धाकटी बहीण शाळेत जीवशास्त्र शिकवायची. भावाची घरघर ऐकून तिचा जीव खालीवर होत होता.

"दादा, पंप घे."

"अगं, फळाला कुठे भोक नव्हतं. मग किडे माझ्या छातीतूनच आले ना?"

बहीण तणतणत झाडाखाली गेली. हाताला येईल ते फळ तोडून सगळ्यांसमोर फोडलं. आत एकही किडा नव्हता.

"रोगच नाही, तर किडे कुठले?" बाबा गोड हसले. त्यांचा भाव आणखी वधारला आणि जीवशास्त्राच्या बाईंचं तोंड एवढंसं झालं.

दुसऱ्या दिवशी ती थांब्यावर एकेक बस सोडत बसून राहिली. बाबा प्रत्येक फळ आधी चाचपत. टणक लागलं की सोडून देत, जरा मऊ तेवढं झोळीत टाकत. बाईंनी कपाळावर हात मारला. आपण कोवळं फळ फोडलं होतं!

संध्याकाळी बाबा शिंप्याच्या दुकानात नवे भक्त गाठत होते. बहिणीने एक मऊ अंजीर शिलाई मशीनवरून फिरवलं, फू केलं आणि फोडलं. किडे उडाले.

"बाबा, मशीनलाही दमा होता. वेळेत निघाला म्हणायचं."

"मशीनवर माझी कृपादृष्टी पडली होती," बाबा म्हणाले. तेवढ्यात विजारीचं माप द्यायला आलेल्या गिऱ्हाइकाने झोळीतलं फळ काढून, फुंकर न मारताच फोडलं. त्यातूनही किडे निघाले. बाबांना अचानक बस गाठायची आठवण झाली.

"अंजिराची फुलं आतच असतात," बहीण म्हणाली. "टोकाच्या चिमुकल्या तोंडातून मादी आत घुसते, तिचे पंख तिथेच तुटतात. ती फुलांना पराग देते, अंडी घालते आणि आतच मरते. आपण बघितली ती फळ मऊ होईपर्यंत आत वाढलेली तिची पिल्लं. हा किडा नसेल तर झाडाला बी धरत नाही, झाड नसेल तर किड्याचा वंश बुडतो. दोघं एकमेकांना देतात. बाबा नुसते घेतात."

"मग माझा दमा?" शिंप्याने धापा टाकत विचारलं.

"आहे तिथेच आहे, दादा."

शिंप्याच्या बायकोने कपाटातला पंप कधीचा हातात धरून ठेवला होता. शिंप्याने तो ओढला. हळूहळू छातीतली शिट्टी थांबली, तेव्हा बहिणीला रडू आलं.

तर मंडळी, चमत्कार जरूर बघा. पण हात जोडण्याआधी तेच फळ एकदा खुर्चीवरून फिरवून बघा, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नका.