आईच्या बोटांखाली

शाळा सोडून तीन आठवडे झाले, तरी सुलेखा रोज दप्तर घेऊन निघायची आणि मॉलमध्ये भटकायची. आज आई तिचं मनगट धरून नाडी मोजत होती. उद्या कम्युनिटी कॉलेजात आईची नर्सिंगची प्रॅक्टिकल परीक्षा होती, त्याचाच हा सराव.

“चुळबुळ नको गं!”

तेवढ्यात किचनमधून बाबा गरजले, “सुलेखा, शाळेचा फोन होता. तू येतच नाहीस म्हणे?”

“राँग नंबर असेल!” ती फणकारली. पण आईच्या बोटांखाली नाडी धाडधाड उडायला लागली. आईने घड्याळावरून नजर उचलून तिच्याकडे रोखून पाहिलं.

“प्रतिमा, ऐकलंस का?” बाबांनी आईला हाक मारली.

“मोजू द्या हो, चुकतंय माझं!” आई ओरडली. मनगट तिने सोडलं नाही. मग हळूच म्हणाली, “उद्या माझ्याबरोबर चल. शाळा सोडलेल्यांचा क्लास माझ्या कॉलेजातच भरतो. बाबांना मात्र तूच सांगायचं.”