आमचे हे आणि पलंगावरची रेघ

आमचे हे शाळेत भूगोल शिकवायचे. फळ्यावर एकात एक पाच वर्तुळं काढून सांगायचे, शहराच्या मधोमध बाजारपेठ, मग कारखाने, मग कामगारांची घरं, मग बऱ्या घरच्यांची, आणि टोकाला रोज ये-जा करणारे. यांच्या एका विद्यार्थ्याने ते फारच मनावर घेतलं. तो नगररचना खात्यात साहेब झाला आणि शहरच त्या चित्राप्रमाणे करायला निघाला.

एका दुपारी दोरी आणि खडू घेऊन तो आमच्या घरात शिरला. यांना नमस्कार केला आणि थेट पलंगावरून रेघ मारून मोकळा झाला. माझी उशी राहत्या पट्ट्यात गेली, यांची कारखान्यांच्या.

"अरे, शहर असं वाढत असावं, असं कोणाला तरी वाटलं होतं," हे म्हणाले. "शहराला तसं वाढायला कोणी सांगितलं नव्हतं."

"सर, तुम्ही वहीत उतरवून घ्यायला लावलं होतंत."

पोरं ऐकत नाहीत म्हणून यांनी जन्मभर कपाळ बडवून घेतलं, आणि एकाने ऐकलं ते असं.

कारखान्यांच्या पट्ट्यात माणसाने झोपायला बंदी होती, यंत्र असेल तर चालत होतं. साहेबाने मला विचारलं, "काकू, त्या बाजूला एखादं यंत्र आहे का?"

मी वैतागले होते. "हे आहेत की," म्हटलं. "पाठ टेकली की सुरू. भिंती हादरतात. चाळीस वर्षं माझे कान किटलेत."

त्याने शांतपणे लिहून घेतलं: हे, यंत्र, एक.

झालं. यांचं आदरार्थी बहुवचन गेलं आणि नपुंसकलिंग आलं. खात्याची माणसं दारातून विचारायची, "हे नीट चालतंय ना?" हे रुसले. यंत्र कुठे जेवतं, म्हणाले आणि ताट सरकवलं. खरं सांगते, मला हसू आवरेना.

मग साहेब पुन्हा आला, मान खाली घालून. साठीच्या पुढची यंत्रं मोडीत काढून पाचव्या वर्तुळाबाहेर टाकायची होती. दारात हातगाडी उभी होती. माझं हसू जागच्या जागी जिरलं.

"आम्ही पलंग माझ्या बाजूला सरकवतो," मी म्हणाले.

"राहत्या पट्ट्यात आवाज चालत नाही, काकू. आणि आवाजाची तक्रार तुमचीच आहे."

हे तोवर मुकाट्याने चपला घालायला लागले होते. शिस्तीचा माणूस, आपणच शिकवलेलं कसं खोडणार?

"लिहून घे," मी साहेबाला म्हणाले. "यांच्या घोरण्याचा मला काही त्रास नाही. उलट ते थांबलं की मी दचकून उठते. श्वास चालू आहे ना, म्हणून यांच्या नाकाशी हात धरून बसते."

साहेबाने जुनं खोडून नवं लिहिलं. हातगाडी रिकामीच गेली. यांनी चपला काढल्या, पण माझ्याकडे बघितलं नाही.

पलंग सरकवून भिंतीला लावला. हे आडवे झाले, शेजारी मी. कान लावून वाट बघत राहिले, पण आवाज येईना. तिरक्या नजरेने पाहिलं तर हे डोळे घट्ट मिटून, ओठ आवळून जागेच होते. मला त्रास नको म्हणून.

मी कोपराने ढोसलं.

"घोरा की," म्हटलं.