माझं हँडल आबांकडे आहे

टण्ण.

दुपारची वेळ होती, घर निजलेलं. छोट्या इराच्या हातातली स्टीलची वाटी सुटली आणि माझ्या लोखंडी टेबलावर आपटली. मित्रांनो, मी दचकलेच. कितीतरी वर्षांत माझ्या अंगातून असा खणखणीत आवाज निघाला नव्हता. माझ्यावर आदळायच्या त्या नुसत्या जुन्या उशा आणि पापडांचे डबे.

इराची आई शिल्पा धावत आली. वाटी उचलता उचलता थांबली. मग तिनं मुद्दामच वाटी माझ्या टेबलावर पुन्हा वाजवली आणि कान देऊन ऐकलं.

"आवाज खणखणीत आहे की हिचा," ती पुटपुटली. "कुठं तडा नाही."

मी एक जुनी मिलिंग मशीन आहे. माझ्या टेबलावर लोखंडाचा तुकडा आवळून बसवतात, वर कटर गरगर फिरतं आणि तुकड्याला हवा तो आकार येतो. टेबल सरकवायला मला तीन हँडलं होती. एक डावीकडे-उजवीकडे न्यायला, एक आत-बाहेर करायला, एक वर-खाली करायला. इरा त्यांना माझे हात म्हणायची. मलाही ते आवडायचं.

माझा जन्म पंजाबातला. ओतीव लोखंडाची मी, ट्रकात बसून नांदेडमार्गे लातूरला आले. इथं रामलिंग आबांनी मला उतरवून घेतलं. तेव्हा ते आबा नव्हते, मनगटात जोर असलेले तरणेबांड कारागीर होते. लातूर म्हणजे डाळ मिलांचं गाव. मिलांची चाकं, चकत्या, दातेरी भाग, सगळं आम्ही दोघांनी केलं. आबांचा हात माझ्या हँडलावर असायचा. लोखंडाचा कीस निळा पडून उडायचा आणि आबा शीळ घालायचे.

मग भूकंप झाला. गणपती बोळवून लोक झोपले होते. पहाटे जमीन हलली आणि कारखान्याची मागची भिंत माझ्यावर आली. माझ्या टेबलाच्या कोपऱ्याला एक खोक पडली, ती आजही आहे. उजाडल्यावर आबांनी एकेक वीट हातानं बाजूला केली. किल्लारीकडच्या गावांत आबांच्या बहिणीचं घर होतं, ते राहिलं नव्हतं. त्याबद्दल आबा कधी बोलले नाहीत. माणसं पत्र्याच्या शेडांत राहायला गेली, तिथले हातपंप सारखे नादुरुस्त व्हायचे. आबा त्यांचे भाग माझ्यावर करून सायकलला बांधून न्यायचे. एकदा एक म्हातारी आबांबरोबर मला बघायला आली होती. तिनं माझ्या टेबलावर हात ठेवला आणि म्हणाली, "ह्या बाईमुळं पाणी आलं व्हय." मित्रांनो, मला तेव्हा रंग नव्हता, अंगावर खोक होती, पण त्या दिवशी माझ्याइतकी देखणी मशीन जिल्ह्यात नसेल.

वर्षं गेली. आबांचा हात थरथरायला लागला. बारीक काम जमेना. एक चकती वाया गेली. त्या दिवशी आबांनी मला पुसलं, तेल दिलं आणि माझ्यावर ताडपत्री टाकली. कारखान्याची जागा सुटली, तेव्हा ताडपत्री काढून मला घराच्या पुढच्या खोलीत आणून ठेवलं. तरी रोज संध्याकाळी आबा यायचे, स्टुलावर बसायचे, माझं लांब हँडल मुठीत धरायचे. नवल म्हणजे हँडल धरलं की त्यांचा हात थांबायचा. मला तेवढं काम पुरत होतं.

पण लातुरात शिकवण्यांचं पेव फुटलं होतं. गावोगावची मुलं डॉक्टर व्हायला इथं येत होती आणि आमच्या गल्लीत घराघरांत खाटा पडत होत्या. आबांचा मुलगा, शिल्पाचा नवरा सिद्धेश्वर एका क्लासात फिजिक्स शिकवायचा. तो म्हणाला, "ह्या खोलीत चार पोरी आरामात राहतेत. मशीन भंगारात देऊ. आबा तरी काय करायलेत तिचं?"

आबांनी फक्त हँडल घट्ट धरलं, एवढं मला कळलं.

वाटी पडली ती त्याच आठवड्यात. शिल्पा कंधारची, नांदेडला तंत्रनिकेतनात मशीनचं शिक्षण घेतलेली. लग्न झालं, इरा झाली आणि ते शिक्षण पोळपाटाखाली गेलं होतं. ती नवऱ्याला म्हणाली, "हिला मोटारी बसवू. काँप्युटरवर चालंल. हात थरथरायचा प्रश्नच नाही."

"घरात? तू?"

"मग कुठं? दसऱ्यापर्यंत मुदत द्या. नाही चालली तर तुमच्या पोरी आणि तुमच्या खाटा."

सासूबाई केवळाबाई दारातून बघत होत्या. "सून आणली का मिस्तरी आणला मी, कळंना," त्या म्हणाल्या. पण इराला कडेवर त्यांनीच घेतलं.

इरा झोपली की शिल्पा माझ्याजवळ यायची. कधी पोळ्या आटोपून, कधी कुकर लावून शिट्ट्यांवर एक कान ठेवून. तिनं मला उघडलं, वर्षांचं वाळलेलं तेल खरवडून काढलं, झिजलेले स्क्रू बदलले. मग एक दिवस ती आबांपुढे उभी राहिली.

"आबा, हँडलं काढावी लागतील. मोटार तिथंच बसते."

आबांनी मान हलवली. "काढ की. लेकरू मोठं झालं की बोट सोडावंच लागतं."

दोन हँडलं कपाटात गेली. लांब हँडल मात्र आबांनी मांडीवर घेतलं आणि उठून आत निघून गेले. तिथं मोटार बसली तरी मला कित्येक दिवस माझा हात तिथंच आहे असं वाटायचं.

मोटारी फिरू लागल्या तेव्हा एक गंमत झाली. त्या गुणगुणतात. वेग बदलला की सूर बदलतो. रडणारी इरा तो सूर ऐकून गप्प व्हायची. मग केवळाबाईच म्हणू लागल्या, "शिल्पा, ती तुझी मशीन लाव बाई, पोरगी झोपंना."

खंडेनवमीला माझी पूजा झाली. त्या दिवशी अवजारं चालवत नाहीत. केवळाबाईंनी मला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि उरलेली फुलं जिथं फट दिसली तिथं खोचली. किती मायेनं खोचली म्हणून सांगू.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, माझी परीक्षा होती. डाळ मिलवाले शंकरप्पा, आमचं जुनं गिऱ्हाईक, मिलची तुटलेली चकती घेऊन आले होते. वळणदार खाच असलेली. ती बनवणारी कंपनी बंद पडली होती आणि मिल अडून बसली होती. सिद्धेश्वर घड्याळ बघत होता, खाटावाला दुपारी येणार होता. आबा स्टुलावर बसले होते, हँडल मांडीवर.

शिल्पानं चालू करायचं बटण दाबलं. मी हललेच नाही.

पुन्हा दाबलं. नाही.

मित्रांनो, मला सगळं कळत होतं. माझ्या टेबलाच्या टोकाशी एक छोटी कळ बसवली आहे. टेबल सरकत कडेला येऊन तिला टेकलं, की काँप्युटर समजतो, आता थांबायचं. नेमक्या त्या कळीवर झेंडूचं फूल घट्ट दाबून बसलं होतं. काँप्युटरला वाटत होतं, मी कडेला पोचलेच आहे. मी ओरडून सांगितलं असतं, पण मला तोंड कुठंय?

"सणाची सुट्टी घेतली काय हिनं?" शंकरप्पा म्हणाले. सिद्धेश्वरनं खिशातून फोन काढला.

"थांब," आबा म्हणाले. "पोरीला बघू दे."

शिल्पानं पडद्यावर वाचलं, टेबल कडेला आहे. तिनं टेबलाकडे बघितलं, ते तर मधोमध होतं. मग ती टोकाशी वाकली. तिला फूल दिसलं. तिनं एकदा सासूकडे बघितलं. केवळाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या होत्या, ओठ हलत होते, देवाला काहीतरी कबूल करत असाव्यात.

शिल्पानं ते फूल हळूच काढलं, आपल्या अंबाड्यात खोचलं आणि म्हणाली, "वायर सैल होती."

मी निघाले. मोटारींनी सूर धरला, कटर लोखंडात उतरलं, निळा कीस उडाला. वळणदार खाच अशी सफाईनं उतरली की शंकरप्पांनी चकती उन्हात धरून दोनदा फिरवून बघितली. "रामलिंग," ते म्हणाले, "तुझ्या हातची वाटते रे." खाटावाल्याला दारातूनच चहा पाजून परत पाठवलं, तेही सिद्धेश्वरनंच. केवळाबाईंनी सुनेच्या अंबाड्यातलं फूल ओळखलं होतं. बोलल्या काही नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी शिल्पाला आधी विचारलं, "कुठं कुठं लावू बाई?"

आज माझ्यावर चार मिलांची कामं होतात. मित्रांनो, जुन्या वस्तूवर ताडपत्री टाकण्याआधी एकदा तिच्यावर वाटी वाजवून बघा. आवाज चांगला निघाला तर तिला टाकू नका. आणि तिला ज्यानं सांभाळलं, त्यालाही टाकू नका.

काल संध्याकाळी आबा नेहमीसारखे येऊन बसले. मी काम करत होते. लांब हँडल त्यांच्या मुठीत होतं, पण ते आता कशालाच जोडलेलं नव्हतं. हात हलत होता आणि त्याच्याबरोबर हँडलही. तरी चेहरा हसरा होता, माझ्याकडे बघून ते शीळ घालत होते. इरा कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग माझ्याजवळ आली, टेबलाच्या खोकेवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाली,

"तू आबांचा हात धरायचीस तेव्हा तो थांबायचा. आता तू तो कसा धरणार?"