डोंगरातला पाढा

चारुशीला देवधर महाडच्या शाळेत गणित शिकवायची. १९६१ सालच्या कार्तिकातल्या एका रविवारी तिने घरी "मैत्रिणीकडे, कालिंदीकडे जाते" एवढंच सांगितलं आणि पोलादपूरची एस.टी. पकडली. तिथून चालत ती उमरठला पोचली. गावामागच्या डोंगरावरून सगळं खोरं दिसतं, असं तिने ऐकलं होतं.

पायथ्याशी गावातली तुळजाबाई गवत कापत होती. ती म्हणाली, "वाट सोडू नका बाय. गवत वाळलंय, पाय ठरत नाय."

"नाही सोडणार."

तासाभरात तिने वाट सोडली. कड्याच्या बाजूने आणखी छान दिसेल असं वाटलं, इतकंच. वाळल्या गवतावरून ती बसल्या बसल्या घसरत गेली आणि कारवीच्या जाळीत अडकली. खाली सरळ कडा, वर निसरडा उतार. लागलं फारसं नव्हतं, पण हलायची सोय नव्हती. "वाचवा" म्हणून ओरडायची तिला लाज वाटली. शेवटी तिने वर्गातल्या आवाजात पाढे सुरू केले.

दुपार कलली तरी बाई उतरली नाही, हे तुळजाबाईच्या ध्यानात आलं. ती थेट भातकापणीवर गेली आणि नवऱ्याला, कुशाबाला, म्हणाली, "सकाळची ती बाय खाली आली नाय." कुशाबाने विळा ठेवला, बैलगाडीचा नाडा, जाड दोर, खांद्यावर टाकला. त्याच्यामागे शेतातले सात जण निघाले. अर्ध्या चढावर त्यांतला गोमाजी थबकला.

"कोनतरी पाढं म्हनतंय."

आवाजाच्या रोखाने ते कड्यापाशी आले. गोमाजी नाड्याला धरून उतरला, नाडा तिच्या कमरेला बांधला, आणि वरच्यांनी तिला ओढून घेतलं. मागून तोही वर आला आणि धापा टाकत म्हणाला, "एकोणतीस साती दोनशे तीन. तुमी दोनशे तेरा म्हनत व्हता."

सगळे हसले. चारुशीलाही हसली आणि हसता हसताच रडू लागली.

उतरताना तिला अर्धवट कापलेलं, ओस पडलेलं शेत दिसलं. "माझ्यामुळे तुमचं काम राहिलं," ती म्हणाली.

"ते उद्या व्हईल," कुशाबा म्हणाला. "पर सांगून येत जा. आमच्या हिनं बघितलं नसतं, तर आमाला कसं कळावं?"

घरी तिने सगळं खरं सांगितलं. पुढच्या रविवारी वडीलच तिला आणि तिच्या मैत्रिणीला, कालिंदीला, एस.टी.त बसवून आले.

दोघींनी कुशाबाच्या शेतात विळे मागून घेतले. कालिंदीचा हात लवकर बसला. चारुशीलाने पहिल्या घटकेतच बोट कापून घेतलं. तुळजाबाईने त्यावर दगडीपाला चोळला आणि तिला पेंढ्या वाहायला लावलं. त्या कामात ती बरी निघाली.

"आठ मानसांचा अर्धा दिस फेडायचा, तर शिमगा व्हईल," गोमाजी म्हणाला.

"येईन की," ती म्हणाली.

जेवणं झाल्यावर तिने तुळजाबाईला विचारलं, "माझ्याबरोबर वर येता? वाटेनेच जाऊ."

"वर? काय काम हाय?"

"काम नाही. नुसतं बघायचं."

तुळजाबाई विळा न घेता डोंगरावर कधीच गेली नव्हती. माथ्यावर मोकळ्या हातांचं काय करावं ते तिला कळेना. मग तिने खाली बोट दाखवलं.

"ते बघा, माजं घर," ती म्हणाली आणि पदर सावरून ऐसपैस बसली.