पाच खाडे

शनिवारी सकाळी पावणेदहाला लवूकाकांच्या औषधांच्या डब्यात डिगॉक्सिनच्या तीन स्ट्रिप होत्या. दोन रिकाम्या, तिसरीत दहाच्या दहा गोळ्या. बिलावरची तारीख चार आठवड्यांपूर्वीच्या सोमवारची. हृदयाचे ठोके ताळ्यावर ठेवायला डॉक्टरांनी ही गोळी दिली होती: सोमवार ते शुक्रवार सकाळी एक, शनिवार-रविवार नाही. म्हणजे चार आठवड्यांत वीस. तीसमधून वीस गेल्या, उरल्या दहा. मी वहीत लिहिलं, "औषध नीट चालू आहे." बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. करून मी काढलेला हा निष्कर्ष.

काका तीन दिवस जेवत नव्हते, मळमळत होतं, म्हणून जानकीकाकूने मला विक्रोळीला बोलावलं होतं. काका तिथल्याच एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात चौतीस वर्षं हजेरी मांडत होते. कोण आला, कोणाचा खाडा, कोणाचा ओव्हरटाइम. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली, पण ते अजून घरातल्या सगळ्यांची हजेरी घेतात.

काकूने पुढ्यात पेज ठेवली. काकांनी वाटी लांब सारली.

"गो, पेजेत हळद कित्याक घातलंस?"

"हळद? पांढरीफेक आसा पेज. डोळे तपासा तुमचे."

"पिवळी दिसता माका. भिंतय पिवळी दिसता."

"रंग देऊन पाच वर्षां झाली," काकू म्हणाली. "पिवळी दिसतलीच."

त्यांचा मुलगा नितेश अंधेरीच्या एका ऑफिसात काहीतरी मॅनेज करतो. काय, ते मला आजवर कळलेलं नाही. त्याने वडिलांच्या मनगटावर घड्याळ बांधलं होतं आणि त्याचे आकडे स्वतःच्या मोबाइलवर बघत सोफ्यावर लोळत होता.

"टेन्शन नको घेऊ यार," तो म्हणाला. "पल्स बघ, बेचाळीस. अ‍ॅथलीट लोकांचा असतो असा."

"अ‍ॅथलीट? संडासापर्यंत जाताना दोनदा बसतात ते."

"तू ना, प्रत्येक गोष्टीत निगेटिव्ह."

मी घड्याळ बाजूला केलं आणि मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजलं. चाळीस. मध्येमध्ये ठोका चुकत होता. मळमळ, पिवळं दिसणं, मंद नाडी: डिगॉक्सिन अंगात जास्त झाल्याची ही लक्षणं मी परीक्षेत लिहिली होती, त्याबद्दल मार्कही मिळवले होते. पण गोळ्या तर वीसच गेल्या होत्या.

"काका, या आठवड्यात गोळ्या कशा घेतल्या?"

त्यांनी अभिमानाने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. प्रत्येक तारखेखाली पेनाने नोंद होती. पहिले दोन आठवडे रोज एक बरोबरची खूण, शनिवार-रविवारी "वी. ऑ.", म्हणजे वीकली ऑफ. तिसऱ्या आठवड्यात ते गावी गेले होते, गोळ्या इथेच राहिल्या. तिथे लाल पेनाने पाच वेळा "खाडा". आणि या आठवड्यात सोमवार ते शुक्रवार रोज दोन खुणा.

"दोन-दोन घेतल्या?"

"मगे? पाच खाडे पडले, ते भरून काढूक नको? महिन्याक वीस म्हणजे वीस. मोज, हिशोब जुळता की नाय?"

"पप्पांचं रेकॉर्ड एकदम परफेक्ट असतं," नितेश म्हणाला.

हिशोब जुळत होता, माझ्या वहीतसुद्धा. एकाहत्तर वर्षांच्या, अठ्ठेचाळीस किलोच्या माणसाच्या शरीरातून हे औषध सावकाश बाहेर पडतं, म्हणून तर आठवड्यात दोन दिवस गोळी नसते. ती बक्षिसाची सुट्टी नव्हे. राहिलेली गोळी राहिली. दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नसतात. मूत्रपिंड कोणाच्या मस्टरवर सही करत नाही. हे मी काकांना सांगितलं, जरा जास्तच मोठ्या आवाजात.

"आज माझो ऑफ आसा," ते म्हणाले. "सोमवारी पुन्हा एक घेतलंय की झाला. दवाखान्यात कित्याक?"

"सोमवारपर्यंत ठोके थांबले तर काय मांडणार? खाडा?"

मग काकू उठली, कॅलेंडर खिळ्यावरून काढून तिने पिशवीत घातलं, वर स्ट्रिप आणि डॉक्टरांची चिठ्ठी ठेवली.

"नितेश, रिक्षा बघ. ता मोबाइलातला अ‍ॅथलीट ठेव खाली."

इमर्जन्सीतल्या डॉक्टरीणबाईंनी ईसीजी काढला आणि मला विचारलं, शेवटची गोळी कधी घेतली? मी सांगितलं, काल सकाळी आठला, दोन. त्यांनी काकांना मॉनिटर लावला, गोळी बंद केली आणि रक्त घेतलं. काका पडल्यापडल्या नर्सला तिची शिफ्ट कधी सुटते ते विचारत होते.

सव्वातीनला रिपोर्ट आला. डिगॉक्सिन, मिलिलिटरमागे २.९ नॅनोग्रॅम. बाजूच्या रकान्यात छापलेली मर्यादा: ०.८ ते २.०.