अख्ख्या गावाची लेन्स

लग्नांच्या शूटिंगसाठी व्हिडिओ कॅमेरा घ्यायला बाळकुम गावचा धाकू ठाण्याला निघाला, तेव्हा त्याची आई मंजुळा मासळीची पाटी घरी ठेवून सोबत आलेली. दुकानदाराने लांबचं जवळ दाखवणारी झूम लेन्स लावून दिली. धाकू जाम खूश!

मंजुळाने कॅमेऱ्याला डोळा लावला. "यात एकाचंच नाक दिसतंय रे! आपल्या हळदीला अख्खा गाव नाचतो. एक जरी सुटला, तर भांडण होळीपर्यंत पुरेल."

धाकूने सगळ्यांना सामावून घेणारी वाइड लेन्स घेतली.

पहिल्या हळदीची कॅसेट बघायला गाव जमला. टीव्हीवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकटी मंजुळाच, कॅमेऱ्याला खेटून बेभान नाचणारी. भांडायला उठलेला गाव हसून हसून लोळला.

"परत लाव रे," मंजुळा म्हणाली.